उपवास, न्हाणं आणि अर्धशिशी

आश्विन लागला की सोलापूर–तुळजापूर रस्त्यावर माणसांची रीघ सुरू होते. सुमारे ४५ किलोमीटरची वाट, पुढे बालाघाटाची चढण, वर ऑक्टोबरचं ऊन. गावोगावची तरुण मंडळं देवळात भवानी ज्योत पेटवतात आणि ती हातात घेऊन रात्रंदिवस धावत गावी परततात. पहाटेच्या चरणतीर्थापासून रात्रीच्या प्रक्षाळपूजेपर्यंत देऊळ जागं असतं. संबळ, घंटा, कापराचा आणि उदाचा धूर, पोतांचा भगभगता उजेड आणि दर्शनबारीत तासन्‌तास उभं राहणं. दर्शनाआधी कल्लोळ तीर्थात किंवा गोमुखाखाली अंघोळ. आणि बहुतेकींच्या पोटात नवरात्राच्या नऊ दिवसांच्या उपवासाची साबुदाण्याची खिचडी किंवा तीही नाही.

एखाद्या मेंदूतज्ज्ञाला विचारा, की अर्धशिशीचा झटका हटकून आणायचा असेल तर काय करावं? तो सांगेल: जेवण चुकवा, झोप मोडा, उन्हात चाला, उग्र वासात आणि गोंगाटात उभे राहा. तुळजापूरच्या यात्रेत यातलं काहीच सुटत नाही. तरीही बारीतल्या बहुतेकांचं डोकं शाबूत राहतं, आणि त्यांच्याच शेजारची एक बाई मात्र कनपटीला हात लावून पायरीवर बसते, पदर डोळ्यांवर ओढून घेते. तिला आणि तिच्या जावेला उपवास तोच, ऊन तेच, रात्रीचं जागरणही तेच. मग फरक कशात? अर्धशिशीचं बरंचसं जीवशास्त्र या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना उलगडलं आहे.

तिच्या घरच्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं: पित्त. उपाशीपोटी राहिली, पित्त झालं, ते डोक्यात चढलं. पुरावाही बिनतोड वाटतो, कारण मळमळतं, आंबट-कडू उलटी होते आणि उलटी झाली की पुष्कळदा डोकंही उतरतं. मग आवळ्याचं सरबत, कोकम, दुकानातली ॲसिडिटीची गोळी असा क्रम चालतो. वर्षानुवर्षं फक्त पित्ताचा इलाज करत राहिलेल्या अर्धशिशीच्या बायका महाराष्ट्रात किती असतील, याची कल्पनाच केलेली बरी. शहरात पित्ताची जागा ‘सायनस’ घेतं. २००४ साली अमेरिकेत ‘मला सायनसची डोकेदुखी आहे’ म्हणणाऱ्या सुमारे तीन हजार जणांना तपासलं, तेव्हा ८८ टक्क्यांचं दुखणं अर्धशिशीच्या निकषांत बसलं.

खरा क्रम उलटा आहे. झटका आला की मेंदूतून जठराला जाणारे संदेश बिघडतात, जठराची हालचाल मंदावते आणि अन्न पुढे सरकत नाही. म्हणजे पोट हे कारण नसून परिणाम आहे. यातून एक फार व्यवहारी गोष्ट निघते. जठर थंडावलं की गिळलेली गोळीही तिथेच पडून राहते. आतड्यात पोचलीच नाही तर रक्तात कुठून उतरणार? ‘गोळी घेतली, काही उपयोग झाला नाही’ या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. म्हणून डॉक्टर वेदनाशामकाबरोबर मेटोक्लोप्रामाइड किंवा डोम्पेरिडोनसारखं उलटीचं औषध देतात. ते मळमळ थांबवतं आणि जठरालाही ढकलतं.

आपल्या जुन्या वैद्यांनी या दुखण्याचं निरीक्षण मात्र चोख केलं होतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांचे अकरा प्रकार सांगितले आहेत. त्यात सूर्याबरोबर चढत जाणारा सूर्यावर्त आहे आणि डोक्याच्या एका भागात फुटल्यासारखं दुखवणारा, दहा दिवसांनी किंवा पंधरवड्याने अचानक उठणारा अर्धावभेदकही आहे. अधूनमधून येणं आणि मधल्या काळात माणूस ठणठणीत असणं ही खूण आजच्या निदानातही पहिली आहे. रक्ततपासणीत अर्धशिशी दिसत नाही, स्कॅनमध्येही नाही. झटका ४ ते ७२ तास टिकतो, ठणका बहुधा एका बाजूला असतो, हालचालीने वाढतो, सोबत मळमळ किंवा उजेड-आवाजाचा त्रास असतो. असे झटके पाचदा येऊन गेले आणि दुसरं कारण सापडलं नाही की निदान पक्कं होतं. महागड्या यंत्रापेक्षा शांतपणे ऐकून घेणारा डॉक्टर इथे जास्त उपयोगी पडतो. तो मिळणं कधीकधी यंत्रापेक्षाही अवघड असतं, हे खरं.

गेल्या शतकाचा मोठा भाग शास्त्रज्ञ रक्तवाहिन्यांच्या मागे लागले होते. अमेरिकेतल्या हॅरॉल्ड वुल्फ यांनी १९३८ साली दाखवलं, की एर्गोटामाइन हे औषध दिलं की कनपटीच्या धमनीची उसळी कमी होते आणि दुखणंही. त्यावरून सिद्धान्त झाला: वाहिन्या फुगतात म्हणून डोकं ठणकतं. आजीने डोक्याला घट्ट फडकं बांधणं या सिद्धान्ताशी छान जुळत होतं. पण २०१३ साली कोपनहेगनमध्ये झटका चालू असतानाच स्त्रियांच्या डोक्यातल्या वाहिन्यांच्या प्रतिमा घेतल्या, तर कवटीबाहेरच्या धमन्या फुगलेल्या दिसल्याच नाहीत. मेंदूतल्या वाहिन्या दुखऱ्या बाजूला किंचित रुंद होत्या, पण एवढ्याने असा ठणका लागत नाही.

दुसरा धागा ब्राझीलच्या अरिस्टिडीस लिआव यांच्या हाती लागला होता. १९४४ साली त्यांनी सशाच्या मेंदूच्या पृष्ठभागावर एक विचित्र प्रकार नोंदवला. एका ठिकाणी डिवचलं की विद्युत-हालचाल आधी भडकते आणि मग विझते, आणि हे विझणं मिनिटाला दोन-तीन मिलिमीटर या संथ गतीने सगळीकडे पसरत जातं. योगायोग असा, की मानसशास्त्रज्ञ कार्ल लॅशली यांनी तीनच वर्षं आधी स्वतःच्या अर्धशिशीत डोळ्यांपुढे सरकणाऱ्या नागमोडी रेघांचा आराखडा काढून त्यांचा वेग मोजला होता, आणि तोही मिनिटाला सुमारे तीन मिलिमीटर भरला होता. अर्धशिशी असलेल्या साधारण चौथ्या हिश्श्याला दुखण्यापूर्वी असा ‘ऑरा’ येतो. चमकत्या कडेची नागमोड, मधे आंधळा डाग, कधी बोटांपासून ओठांपर्यंत चढणाऱ्या मुंग्या. तो पाच मिनिटांपासून तासाभरापर्यंत चालतो. डोळ्यांत काही बिघाड नसतो. ती लाट डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या दृष्टिकेंद्रावरून जात असते.

आता ठणक्याकडे येऊ. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, त्याच्या आवरणांना कळते. त्या आवरणांत आणि त्यांतल्या वाहिन्यांभोवती ट्रायजेमिनल या मज्जातंतूचं जाळं आहे. हाच मज्जातंतू कपाळ, डोळे, नाक, दात आणि कनपटीची संवेदना वाहून नेतो. म्हणूनच आतलं दुखणं डोळ्यामागे, दाढेत किंवा ‘सायनस’मध्ये असल्यासारखं वाटतं. १९७९ साली मायकेल मॉस्कोविट्झ यांनी सुचवलं, की खरी गडबड या तंतूंच्या टोकांशी असावी. ही टोकं चेतवली की काही पदार्थ सोडतात आणि ते पदार्थ वाहिन्या रुंदावतात, दाह करतात, वेदनेचा निरोप मेंदूकडे धाडतात. पदार्थ कोणता, हे शोधायला आणखी दशक गेलं. स्वीडनचे लार्स एडविन्सन आणि ऑस्ट्रेलियातून आलेले पीटर गोड्सबी यांनी १९९०मध्ये झटका चालू असलेल्या रुग्णांच्या मानेतल्या शिरेचं रक्त तपासलं. त्यात कॅल्सिटोनिन जीन-रिलेटेड पेप्टाइड, म्हणजे सीजीआरपी, वाढलेलं सापडलं. मग डेन्मार्कच्या येस ओलेसन यांच्या गटाने उलटी कसोटी लावली. अर्धशिशी असलेल्यांना सीजीआरपी टोचलं, आणि बऱ्याच जणांना काही तासांत झटका आला. या चौघांना २०२१चं ब्रेन प्राइझ मिळालं.

पण सीजीआरपी आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतं. जावेच्याही. मग तिचं डोकं का दुखत नाही?

एक उत्तर वंशात आहे. एक लाखाहून जास्त रुग्णांच्या जनुकांची तपासणी २०२२ साली प्रसिद्ध झाली, तीत अर्धशिशीशी संबंध असलेल्या १२३ जागा सापडल्या. काही मज्जापेशींच्या कामाच्या, काही रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे जुन्या भांडणातले दोन्ही पक्ष थोडे थोडे बरोबर. त्यातली एक जागा मला विशेष गमतीची वाटते: टीआरपीएमएट. हे जनुक त्वचेतला गारवा ओळखणारं प्रथिन बनवतं, आणि तेच प्रथिन मेंथॉललाही ओळखतं. १८९३ साली मुंबईत जन्मलेलं अमृतांजन कपाळाला चोळणारी मराठी घरं नेमक्या त्याच प्रथिनाला हात घालत होती, हे कुणाला ठाऊक होतं!

दुसरं उत्तर बदलात आहे. अर्धशिशीचा मेंदू बदलाला फार हळवा असतो. सवयीची वेळ, सवयीचा घास, सवयीची झोप यांत फरक पडला की तो लगेच दखल घेतो. प्रत्येक फरक म्हणजे रांजणात ओतलेला एकेक तांब्या. नुसत्या उपवासाने रांजण भरत नाही, नुसत्या उन्हानेही नाही. उपवास, ऊन, जागरण आणि त्यातच पाळीचे दिवस जुळून आले की तो वाहतो. जावेचा रांजण जन्मतःच मोठा. इस्रायलमध्ये १९९५ साली योम किप्पूरच्या कडक उपवासात रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. उपवास करणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांचं डोकं दुखलं, न करणाऱ्यांपैकी ७ टक्क्यांचं. ज्यांना एरवीही डोकेदुखी होती, त्यांनाच जास्त.

पाळीचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. स्त्रियांत अर्धशिशी पुरुषांच्या दुपटी-तिपटीने असते. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरतं आणि ती घसरणच मेंदूला बोचते. बऱ्याचजणींना गरोदरपणात बरं वाटतं, पाळी गेल्यावर आणखी बरं. देवाला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलणाऱ्या गोळ्या आपल्याकडे औषधाच्या दुकानातून सर्रास घेतल्या जातात. जिला ऑरा येतो तिने संप्रेरकाची कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. ऑरा असलेल्यांत पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो, इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी तो वाढतो आणि तंबाखू-मिश्रीने आणखी.

झोपेबाबत तुळजाभवानीचा संकेत मोठा सुंदर आहे. नवरात्रापूर्वी देवी घोरनिद्रेत असते, आणि दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रेसाठी पलंगावर जाते. युद्धानंतर देवीलाही विश्रांती लागते, हे ज्यांनी ओळखलं त्यांचं कौतुक. तिच्यासाठी नऊ रात्री जागलेली बाई मात्र दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपाशी उभी असते. गंमत अशी, की झटका पुष्कळदा धावपळीत न येता ती संपल्यावर येतो. ताण उतरल्यानंतरच्या काही तासांत अर्धशिशीची शक्यता वाढते, असं २०१४च्या एका अभ्यासात दिसलं. सण पार पडतो, पाहुणे निघतात, आणि एकादशीला घरची बाई अंधार करून पडते. लोक म्हणतात दृष्ट लागली.

या यादीत भारताने एका कारणाची भर घातली आहे, आणि ती मुंबईतून पडली. तिथल्या डोकेदुखीच्या दवाखान्यात डॉ. के. रविशंकर यांना बायका पुन्हा पुन्हा सांगत होत्या, की डोक्यावरून न्हायलं की डोकं उठतं. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हे नव्हतं. त्यांनी अशा ९४ रुग्णांची निरीक्षणं २००६ साली ‘सेफॅलाल्जिया’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मांडली. लांब दाट केस, बराच वेळ ओले राहणारे, आणि डोक्याच्या पुढच्या भागाची त्वचा तर ट्रायजेमिनलच्या अखत्यारीतली. आपल्या आया-आत्यांनी शंभर वर्षं ‘न्हाल्यावर केस वाळवून घे, नाहीतर डोकं धरेल’ म्हणून जे सांगितलं, ते ऐकून लिहून काढायला एक डॉक्टर लागला. झटक्याचा दिवस असा ठरलेला असेल तर त्याचा फायदाही घेता येतो. पाळीच्या अर्धशिशीत डॉक्टर दोन दिवस आधीपासून नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक किंवा ट्रिप्टान या अर्धशिशीच्या खास औषधांपैकी लांब टिकणारं एखादं देतात, तोच विचार इथेही करता येतो.

मात्र कारणांच्या यादीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. जर्मनीत २०१६ साली एका रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा महिनाभर रोज घेतली. डोकं दुखायच्या आदल्या दिवशीच हायपोथॅलॅमस जागा झालेला दिसला. भूक, झोप, तहान यांची सूत्रं याच भागाकडे. म्हणजे झटका सुरू झालेला असतो, फक्त ठणका यायचा असतो. त्या काळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, आणि गोड खावंसं वाटतं. दुसऱ्या दिवशी आपण म्हणतो, पेढे खाल्ले म्हणून डोकं उठलं. पेढे हे कारण नसून पहिलं लक्षण असू शकतं. अर्धशिशीच्या नावावर आयुष्यभर दही, केळी, चॉकलेट सोडून बसलेल्या माणसांची मला खरंच दया येते.

ठणका दोन-तीन तास मुरला की आणखी एक गोष्ट होते. मेंदूतल्या वेदनेच्या पेशी इतक्या चाळवतात, की साधा स्पर्शही सोसवत नाही. वेणी घालवत नाही, उशीवर ती बाजू टेकवत नाही, मंगळसूत्राचं ओझं होतं. हार्वर्डच्या रामी बर्स्टिन यांनी दाखवलं, की या अवस्थेनंतर घेतलेलं ट्रिप्टान फारसं चालत नाही. आपल्याकडची ‘बघू, सहन होतंय तोवर गोळी नको’ ही वृत्ती इथे नडते. गोळी घ्यायची तर पहिल्या तासात, पुरेशा मात्रेत.

ही ट्रिप्टान औषधं १९९१मध्ये आली. त्यातलं पहिलं सुमाट्रिप्टान. रक्तवाहिन्या आकसाव्यात या हेतूने ते घडवलं गेलं. पुढे कळलं, की ते ट्रायजेमिनलच्या टोकांतून सीजीआरपी सुटणंही रोखतं. हृदयविकार असणाऱ्यांना ते देत नाहीत. झटके वारंवार येत असतील तर ते येऊच नयेत म्हणून रोजची औषधं असतात. ती जवळजवळ सगळी दुसऱ्याच आजारांतून उसनी घेतलेली. रक्तदाब आणि हृदयासाठीचं प्रोप्रानोलॉल, नैराश्यासाठीचं ॲमिट्रिप्टिलिन, फिट्ससाठीचं टोपिरामेट. ‘डोकेदुखीला वेडाची गोळी दिली’ म्हणून रुग्ण ॲमिट्रिप्टिलिन फेकून देतात. डॉक्टरने दोन मिनिटं समजावलं असतं तर ते वाचलं असतं.

खास अर्धशिशीसाठी घडवलेलं प्रतिबंधक औषध बाजारात यायला २०१८ उजाडलं. अमेरिकेत मे महिन्यात एरेनुमॅबला आणि त्याच वर्षी फ्रेमानेझुमॅब व गॅल्कानेझुमॅबला परवानगी मिळाली. ही प्रतिपिंडं सीजीआरपीला किंवा ते पेशीवर ज्याला चिकटतं त्या ग्राहीला गच्च धरून ठेवतात. साधारण महिन्यातून एकदा कातडीखाली इंजेक्शन. रेणू एवढे मोठे, की ते मेंदूत जवळपास शिरतच नाहीत, तरीही काम करतात. दुखण्याचं एक महत्त्वाचं ठाणं मेंदूबाहेर आहे, याची ही पावतीच म्हणायची. पाठोपाठ ‘जेपंट’ गोळ्या आल्या: उब्रोजेपंट, रिमेजेपंट, अटोजेपंट. त्यांनी वाहिन्या आकसत नाहीत, त्यामुळे ट्रिप्टान न चालणाऱ्यांची सोय झाली. यातलं काही आता भारतातही मिळतं. साधारण निम्म्या रुग्णांत दुखण्याचे दिवस निम्म्यावर येतात. उरलेल्या निम्म्यांना दुसरी वाट हवी. पीएसीएपी नावाच्या आणखी एका पेप्टाइडला अडवणाऱ्या प्रतिपिंडाची चाचणी २०२४मध्ये प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांत दुखण्याचे दिवस सरासरी ६.२ने घटले. पण नुसतं पाणी टोचलेल्यांतही ते ४.२ने घटले होते! देवीचा अंगारा कपाळाला लावून बरं वाटलं म्हणणाऱ्याला हसण्याआधी हा दुसरा आकडा लक्षात ठेवावा. विश्वासाने वेदना खरंच कमी होते. पण चाचणीत औषध जिंकतं ते त्याच्यावरच्या दोन दिवसांनी.

महिन्याला काही हजारांचं इंजेक्शन तुळजापूरच्या शेतमजूर बाईच्या आवाक्यात नाही, हे सांगायला नको. मेंदूतज्ज्ञाला दाखवायचं तर तिला बहुधा सोलापूर गाठावं लागतं. पण बंगळूरच्या निम्हान्स या मनोरोग आणि मेंदूविज्ञान संस्थेने कर्नाटकात केलेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण सुमारे २५ टक्के निघालं. सीमेपलीकडच्या आपल्या गावांत वेगळं असेल असं मानायला कारण नाही. चौघांत एकाला होणारा आजार हा विशेषज्ञाचा नसून प्राथमिक आरोग्य केंद्राचा आहे. आणि प्रोप्रानोलॉल, ॲमिट्रिप्टिलिन, नॅप्रोक्सेन ही तिन्ही जेनेरिक औषधं स्वस्त आहेत. मानेमागे भुलीच्या औषधाचं एक छोटं इंजेक्शन देऊन मज्जातंतू काही आठवडे शांत करता येतो, त्यालाही फार खर्च नाही. नव्या औषधांच्या जाहिरातींत या जुन्यांचं काम झाकोळतं, हे मला पटत नाही.

काही डोकेदुखी मात्र अर्धशिशी समजून घरी ठेवायची नाही. क्षणात शिगेला पोचणारी, पन्नाशीनंतर पहिल्यांदा आलेली, ताप आणि ताठरलेल्या मानेसह, किंवा हातापायाची ताकद गेली असेल तर थेट रुग्णालय.

एरवी दवाखान्यात जाताना भिंतीवरचं कालनिर्णय न्यावं. एकादशी, मंगळवार, अमावस्या, घटस्थापना सगळं त्यावर छापलेलंच असतं. डोकं दुखलं त्या चौकोनात फुली, गोळी घेतली तर टिंब, पाळी आली तर गोल. तीन महिन्यांची पानं पुढे ठेवली की उपवास आणि दुखणं यांचं नातं डॉक्टरला आणि बाईला एकाच वेळी दिसतं. सगळे उपवास सोडायला लावण्याची गरज नसते. कुठला झेपतो आणि कुठल्या दिवशी दर तीन तासांनी थोडं दूध-फळ पोटात जायला हवं, एवढं ठरवता येतं. डॉक्टर फुल्यांच्या आधी टिंबं मोजतो. साधी वेदनाशामकं महिन्यात पंधरा दिवस, ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा मिश्र गोळ्या दहा दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्याच डोकेदुखी घडवू लागतात. मग नवी औषधं लिहिण्याआधी जुनी सोडवावी लागतात, आणि त्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत डोकं आधीपेक्षा जास्त दुखतं. हे घरच्यांनाही आधीच सांगून ठेवावं लागतं, कारण तेव्हाच कुणीतरी दुकानातून पाकीट आणून देतं.